युनिटला नऊ डॉलर

१६ फेब्रुवारी २०२१. पश्चिम टेक्सासमधल्या कोलोरॅडो सिटी या जेमतेम चार हजार वस्तीच्या गावात वीज नव्हती, पाणी नव्हते आणि पारा शून्याच्या बराच खाली उतरला होता. गारठलेले लोक महापौरांकडे विचारणा करत होते. महापौर टिम बॉइड यांनी फेसबुकवर उत्तर दिले. तुमचे किंवा तुमच्या कुटुंबाचे कुणी काही देणे लागत नाही. अशा वेळी तुम्हाला सांभाळणे ही नगरपालिकेची जबाबदारी नाही. सबळ असतील ते तरतील, दुबळे असतील ते मरतील, असा त्याचा मथितार्थ होता. गावात संताप उसळला आणि बॉइड पायउतार झाले.

महापौर गेले, पण त्यांनी लिहिले ते एका माणसाच्या डोक्यात अचानक उगवलेले नव्हते. अमेरिकेत निदान साठ वर्षे पुस्तकांतून, विद्यापीठांतून आणि निवडणुकांतून मांडल्या गेलेल्या एका विचाराचा तो आडपडदा न ठेवता केलेला उच्चार होता. हा विचार मानणारे स्वतःला लिबर्टेरियन म्हणवतात. मिल्टन फ्रीडमन यांनी १९६२ मध्ये लिहिले, की डॉक्टरांनासुद्धा सरकारी परवाना सक्तीचा असण्याचे कारण नाही. रॉबर्ट नोझिक यांनी १९७४ मध्ये राज्यसंस्थेचे काम पोलीस, न्यायालये आणि करारांचे पालन एवढ्यावर आणून ठेवले. बाकीचे माणसे आपापसांत ठरवतील आणि किंमत त्यांना वाट दाखवेल, ही यामागची श्रद्धा. तिला श्रद्धाच म्हणायला हवे, कारण पुरावा उलटा आला तरी ती ढळत नाही. आणि तिची किंमत बहुतेक वेळा अशा माणसांना मोजावी लागते, ज्यांना ती मान्य आहे का हे कुणी विचारलेलेही नसते.

या विचारात तथ्य नाही असे नाही. फ्रीडरिक हायेक यांनी १९४५ च्या एका निबंधात कथिलाचे उदाहरण दिले आहे. जगात कुठेतरी कथिलाची टंचाई झाली की हजारो कारखानदार ते जपून वापरू लागतात. टंचाई का झाली हे त्यांना ठाऊक नसते. भाव चढलाय एवढेच कळते आणि तेवढे पुरते. कोणत्याही नियोजन मंडळाला इतक्या लोकांपर्यंत इतक्या लवकर निरोप पोहोचवता आला नसता. हे निरीक्षण मोलाचे आहे आणि कोणत्याही बाजार समितीत रोज सकाळी त्याचा प्रत्यय येतो. वाद आहे तो हे निरीक्षण कुठवर ताणायचे याचा. टेक्सासने ते विजेपर्यंत ताणले. १५ फेब्रुवारी २०२१ च्या पहाटे त्याची परीक्षा झाली.

टेक्सासचे वीजजाळे उरलेल्या अमेरिकेपासून वेगळे आहे आणि ते कुठल्या डोंगर-नदीमुळे नव्हे. १९३५ मध्ये अमेरिकी संसदेने एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या विजेवर केंद्राचे नियंत्रण आणले. मग राज्याच्या हद्दीबाहेर वीज न्यायचीच नाही, म्हणजे वॉशिंग्टनचे नियम लागू होणारच नाहीत, असा मार्ग टेक्सासच्या कंपन्यांनी काढला. १९७० मध्ये हे जाळे सांभाळण्यासाठी ‘एर्कॉट’ ही संस्था स्थापन झाली. आज राज्यातली सुमारे ९० टक्के वीज तिच्या देखरेखीखाली वाहते आणि शेजारच्या जाळ्यांशी असलेली जोडणी अगदीच तोकडी आहे. पुढे १९९९ मध्ये तेव्हाचे गव्हर्नर जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी वीजक्षेत्र खुले करणाऱ्या कायद्यावर सही केली. निर्मिती एकाकडे, तारा दुसऱ्याकडे, विक्री तिसऱ्याकडे, आणि ग्राहकाने हवा तो विक्रेता निवडायचा. या कायद्यासाठी सर्वाधिक जोर लावणाऱ्यांत ह्यूस्टनची एक कंपनी होती: एन्रॉन.

हे नाव मराठी वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. गुहागर तालुक्यात, वेलदूर-अंजनवेलच्या किनाऱ्यावर, दाभोळ वीज कंपनीच्या नावाने एन्रॉनने जो प्रकल्प उभारला, त्याचा करार महाराष्ट्र राज्य वीज मंडळाशी डिसेंबर १९९३ मध्ये झाला. स्पर्धात्मक निविदा नव्हत्या. दर डॉलरशी बांधलेला होता. वीज उचला अथवा नका उचलू, ठरलेली रक्कम चुकवायचीच होती. वर राज्य सरकारची हमी, आणि त्या हमीला केंद्र सरकारची प्रतिहमी. जागतिक बँकेने प्रकल्पाला कर्ज द्यायला १९९३ मध्येच नकार दिला होता. पुण्याच्या ‘प्रयास’ गटाने करारातले आकडे उलगडून वीज मंडळावर केवढा बोजा पडणार आहे ते दाखवून दिले होते. १९९५ मध्ये युती सरकारने करार रद्द केला आणि पुढच्याच वर्षी फेरवाटाघाटी करून नवा केला. मे १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला. पुढे काही महिन्यांचा दर युनिटला सात रुपयांच्या वर गेला आणि मे २००१ मध्ये मंडळाने ती वीज घेणेच बंद केले. ज्या कंपनीने जगभर स्पर्धेचे आणि धाडसी जोखमीचे गोडवे गायले, ती कोकणात येताना सगळी जोखीम सरकारच्या गळ्यात बांधून आली होती.

त्याच सुमारास एन्रॉनचे व्यापारी कॅलिफोर्नियात वेगळा उद्योग करत होते. तिथला वीजबाजार नुकताच खुला झाला होता. कागदावर खोटी मागणी दाखवणे, नसलेली कोंडी सोडवल्याचे पैसे उकळणे असे डाव त्यांनी रचले होते. २००० आणि २००१ मध्ये कॅलिफोर्नियात भारनियमन झाले, राज्याची सर्वात मोठी वीज वितरण कंपनी दिवाळखोरीत गेली. २ डिसेंबर २००१ रोजी एन्रॉन स्वतःच बुडाली. त्यानंतर महिन्याभरातच, १ जानेवारी २००२ रोजी, टेक्सासमध्ये विजेची किरकोळ बाजारपेठ खुली झाली. कॅलिफोर्नियात जे घडले ते ताजे असतानाही वेळापत्रक बदलले नाही.

टेक्सासच्या व्यवस्थेतली मुख्य गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण पुढचा सगळा अनर्थ तिच्यात दडलेला आहे. अनेक ठिकाणी वीज केंद्राला दोन कामांचे पैसे मिळतात. एक, वीज विकल्याचे. दुसरे, गरज पडेल तेव्हा वीज देता यावी म्हणून सज्ज राहिल्याचे. टेक्सासने सज्जतेचे पैसे ठेवलेच नाहीत. त्याऐवजी टंचाईच्या तासांत घाऊक दर आकाशाला भिडू द्यायचे ठरले. मेगावॉट-तासाला ९,००० डॉलर ही कमाल मर्यादा होती, म्हणजे युनिटला नऊ डॉलर. तेव्हाच्या विनिमय दराने साडेसहाशे रुपये. एरवी तीच वीज घाऊक बाजारात दोन-तीन सेंटला मिळत असे. हिशेब असा, की त्या नऊ डॉलरच्या आशेने कंपन्या आपणहून जादा यंत्रे ठेवतील, नळ्यांना आणि झडपांना थंडीपासून जपणारे आवरण घालतील, इंधनाचा साठा करतील. सक्तीची गरज नाही. किंमत सांगेल, कंपनी ऐकेल.

फेब्रुवारी २०११ मध्ये टेक्सासमध्ये कडाक्याची थंडी पडली होती. तेव्हाही केंद्रे गोठली आणि लोकांना आळीपाळीने अंधारात बसावे लागले. केंद्रीय नियामकांनी त्याच वर्षी सविस्तर अहवाल दिला. अशीच वेळ १९८९ मध्ये आली होती आणि तेव्हाचे धडे विसरले गेले, हे त्यात नोंदवून वीज केंद्रे आणि वायूची यंत्रणा थंडीसाठी सज्ज करण्याची शिफारस केली. टेक्सास सरकारने ती सक्तीची केली नाही. कंपन्यांवर सोपवली. चढ्या दराची आशा होतीच.

मग २०२१ आले. डॅलसमध्ये तापमान उणे १९ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले. १५ फेब्रुवारीच्या मध्यरात्रीनंतर एकामागून एक केंद्रे बंद पडू लागली. वायूच्या विहिरी गोठल्या. विहिरी गोठल्या म्हणून वायूवरची केंद्रे बंद पडली. केंद्रे बंद पडली म्हणून वीज तोडली, आणि तोडलेल्या विजेत वायूचा दाब राखणारे पंपही आले. पहाटे दोनच्या आसपास जाळ्याची वारंवारिता ५९.४ हर्ट्झच्या खाली घसरली आणि ४ मिनिटे २३ सेकंद तिथेच राहिली. नऊ मिनिटे तशीच राहिली असती, तर उरलेली केंद्रे स्वतःला वाचवण्यासाठी आपोआप सुटी झाली असती आणि अख्ख्या टेक्सासचे जाळे कोसळले असते. ते पुन्हा उभे करायला काही आठवडे, कदाचित महिने लागले असते.

ते टाळण्यासाठी एर्कॉटने २०,००० मेगावॉटपर्यंत भार तोडला. ४५ लाखांहून अधिक घरे अंधारात गेली, कित्येक घरे सलग तीन-चार दिवस. नळ फुटले, जलशुद्धीकरण थांबले, सुमारे १ कोटी ४० लाख लोकांना पाणी उकळून प्या असे सांगण्यात आले. ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिन या शहरांत मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. त्या आठवड्यात पुणे, नागपूर, कोल्हापूरच्या किती घरांतले फोन त्या काळजीने वाजत राहिले असतील. राज्याच्या आरोग्य खात्याने २४६ मृत्यू मोजले. माध्यमांतले काही अंदाज त्याहून कितीतरी मोठे आहेत. मोजलेल्या मृत्यूंपैकी जवळपास दोन तृतीयांश शरीर गारठल्यामुळे झालेले होते, तेही अनेकदा स्वतःच्या घरात. काही जण ऊब मिळावी म्हणून घरात कोळशाची शेगडी किंवा गॅरेजमध्ये मोटार चालू ठेवून बसले आणि विषारी वायूने गेले. तान्ह्या बाळापासून शंभरी ओलांडलेल्या वृद्धापर्यंतचे लोक त्यांत होते. जगातल्या सर्वात श्रीमंत देशातले, ऊर्जेची राजधानी म्हणवणारे हे राज्य.

गव्हर्नर ग्रेग अ‍ॅबट यांनी दूरचित्रवाणीवर पवनचक्क्यांना आणि सौरऊर्जेला बोल लावला. केंद्रीय नियामकांच्या चौकशीत वेगळे निघाले. केंद्रे बंद पडण्याच्या कारणांपैकी तीन चतुर्थांश यंत्रे गोठणे आणि इंधन न मिळणे ही होती, आणि इंधनाच्या तक्रारींत नैसर्गिक वायूचा वाटा कितीतरी जास्त होता. म्हणजे ज्या त्रुटी २०११ च्या अहवालात लिहिलेल्या होत्या, त्याच.

तर किंमत बोलली, आणि कुणीच का ऐकले नाही?

एक तर गोठलेल्या विहिरीला किंमत ऐकू येत नाही. नऊ डॉलरचा दर १५ फेब्रुवारीला लागला. नळीला आवरण घालायला हवे होते ते आदल्या उन्हाळ्यात. तहान लागल्यावर विहीर खणायला सांगणारी ही व्यवस्था होती. शिवाय दहा वर्षांतून एकदा येणाऱ्या थंडीसाठी आज पैसे घालायचे, हे दर तिमाहीला भागधारकांपुढे नफा मांडणाऱ्या संचालकाला पटत नाही. तो मूर्ख असतो असे नाही. आवरणाचा खर्च त्याच्या खिशातून जाणार आणि ते नसल्यामुळे मरणारा माणूस त्याच्या ताळेबंदात येणार नाही, हे त्याला नीट कळते. त्यात आणखी एक भयंकर गोष्ट आहे. सगळ्यांची केंद्रे चालू राहिली, तर दर नऊ डॉलर होतच नाही. तो होतो तेव्हाच, जेव्हा इतरांची केंद्रे बंद पडतात. ज्या व्यवस्थेत सज्जतेचे बक्षीस शेजाऱ्याच्या अपयशातूनच मिळते, ती सर्वांना सज्ज कशी करणार?

सर्वात महत्त्वाचे त्या दिवशी घडले आणि त्याची चर्चा फार कमी झाली. लाखो घरांची वीज तोडलेली असताना बाजारातला दर काही वेळा १,२०० डॉलरच्या आसपासच होता. कारण उघड आहे. ज्यांची वीज तोडली, त्यांची मागणी मीटरवर शून्य झाली. अंधारात कुडकुडणारी म्हातारी बाजाराच्या हिशेबातून नाहीशी झाली. शेवटी राज्याच्या वीज आयोगाने आदेश काढून दर ९,००० वर नेला. बाजारवादी हाच मुद्दा पुढे करतात: बघा, दर सरकारने ठरवला, हा खरा खुला बाजार नव्हताच. युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो. पण आयोगाने हात घातला तो बाजाराचा दर टंचाई ओळखू शकला नाही म्हणून. पुढे असाच प्रश्न सगळीकडे विचारता येतो. तारा, खांब, वारंवारितेचे नियम, कुणाचा भार आधी तोडायचा याची यादी, यातले काय बाजाराने बनवले आहे? नियमाशिवायचा वीजबाजार अस्तित्वात असूच शकत नाही. म्हणून अपयश आले की तो खरा बाजार नव्हता असे म्हणण्याची सोय कायम राहते, आणि ज्या विचाराला कुठलेच अपयश लागू होत नाही, त्याची तपासणी कुणी कशी करायची?

तुलनेला दूर जायला नको. टेक्सासचेच एल पासो शहर एर्कॉटच्या जाळ्यात नाही. ते पश्चिम अमेरिकेच्या जाळ्याला जोडलेले आहे आणि तिथली कंपनी जुन्या पद्धतीने, नियामकाच्या देखरेखीखाली, निर्मितीपासून घरापर्यंत सगळे सांभाळते. २०११ मध्ये एल पासोही गारठले होते. त्यानंतर तिथल्या कंपनीने थंडीसाठी यंत्रे सज्ज केली, खर्च नियामकापुढे मांडला, तो दरांत थोडा थोडा वसूल झाला. २०२१ मध्ये तिथे काही हजार ग्राहकांची वीज गेली, तीही थोड्याच वेळासाठी. राज्य तेच, हवा तीच, दहा वर्षांपूर्वीचा अनुभव तोच. फरक एवढाच, की एल पासोत सज्जता हे कर्तव्य होते आणि बाकी टेक्सासमध्ये ती मर्जी होती.

वादळ सरल्यावर बिले आली. ग्रिडी नावाची एक कंपनी महिन्याला ९.९९ डॉलर सभासद शुल्क घेऊन ग्राहकांना थेट घाऊक दराने वीज देत असे. एरवी स्वस्त पडे. तिचे सुमारे २९,००० ग्राहक होते. वादळ येतेय म्हटल्यावर तिनेच त्यांना दुसरा विक्रेता शोधा असे कळवले. सगळ्यांना तो मिळाला नाही. चार-पाच दिवसांच्या विजेपोटी काहींच्या खात्यांतून हजारो डॉलर वजा झाले. मार्चमध्ये ग्रिडीने दिवाळखोरी जाहीर केली. त्याआधी ब्राझोस ही ग्रामीण वीज सहकारी संस्था, राज्यातली सर्वात जुनी अशी, सुमारे २०० कोटी डॉलरच्या देण्याखाली दिवाळखोरीत गेली. शेतकऱ्यांनी उभ्या केलेल्या संस्था कशा बसतात हे महाराष्ट्राला ठाऊक आहे, पण पाच दिवसांत बसलेली इतकी मोठी सहकारी संस्था इथेही कुणी पाहिली नसेल. दुसऱ्या बाजूला एनर्जी ट्रान्सफर या वायूवाहक कंपनीला त्या वादळात सुमारे २४० कोटी डॉलर मिळाले, आणि एका वायू कंपनीच्या वित्तप्रमुखांनी गुंतवणूकदारांना सांगितले, की आम्हाला जॅकपॉट लागल्यासारखे झाले आहे.

भार पूर्ववत झाल्यानंतरही दर जवळपास ३२ तास नऊ हजारांवर ठेवला गेला, आणि त्यातून सुमारे १,६०० कोटी डॉलर जास्तीचे आकारले गेले, असा अंदाज बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या स्वतंत्र संस्थेने दिला. ते परत करा, अशी तिची शिफारस होती. आयोगाने ती मानली नाही. मग विधिमंडळाने कायदे केले: थकीत रकमा कर्जरोख्यांत रूपांतरित करायच्या आणि ग्राहकांच्या वीज-वायूच्या बिलांतून वीस-तीस वर्षे वसूल करायच्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये जी मुले जन्मलीही नव्हती, ती कमावती होऊन त्या पाच दिवसांचे पैसे भरतील. सॅन अँटोनिओ शहराच्या मालकीची वीज कंपनी एर्कॉटविरुद्ध न्यायालयात गेली, तेव्हा एर्कॉटने राज्याचे सार्वभौम संरक्षण मागितले, म्हणजे सरकारवर जसा दावा लावता येत नाही तसा आमच्यावरही लावता येणार नाही. जून २०२३ मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते मान्य केले. नफा वाटून घ्यायची वेळ आली तेव्हा ही खासगी बाजारपेठ होती. जबाबदारीची वेळ आली तेव्हा ती सरकार झाली.

दाभोळच्या प्रतिहमीत आणि या निकालात तीस वर्षांचे आणि चौदा-पंधरा हजार किलोमीटरचे अंतर आहे. तरी दोन्हींची बांधणी एक आहे.

निदान वीज तरी स्वस्त झाली का? वॉल स्ट्रीट जर्नल या दैनिकावर समाजवादी असल्याचा आरोप कुणी करणार नाही. त्याने २०२१ मध्येच हिशेब मांडला, की २००४ पासून खुल्या बाजारातल्या टेक्सासवासीयांनी जुन्या पद्धतीच्या वितरकांच्या ग्राहकांइतकाच दर दिला असता, तर त्यांचे २,८०० कोटी डॉलर वाचले असते. टेक्सासमध्ये पवनऊर्जा मोठ्या वेगाने वाढली, हे बाजाराचे यश म्हणून सांगितले जाते, आणि त्यात खरे आहे. पण पश्चिमेच्या माळरानावरची ती वीज शहरांत आणणाऱ्या वाहिन्या राज्याने २००५ च्या कायद्याने आखल्या, आणि त्यांचा सुमारे ७०० कोटी डॉलरचा खर्च सगळ्या ग्राहकांवर वाटला. ते सार्वजनिक नियोजन होते, आणि चांगले होते.

ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याचे काय, हा प्रश्न या विचाराला नेहमीच अवघड जातो. २०१० मध्ये टेनेसी राज्यातल्या ओबायन परगण्यात एका घराला आग लागली. शेजारच्या साउथ फुल्टन शहराचे अग्निशमन दल वर्षाला ७५ डॉलर भरणाऱ्या ग्रामीण घरांनाच सेवा देत असे. या घराची वर्गणी राहून गेली होती. मालक म्हणाला, सांगाल ते पैसे देतो. दल आले ते वर्गणी भरलेल्या शेजाऱ्याचे शेत वाचवायला, आणि घर जळून खाक होईपर्यंत थांबले. आत तीन कुत्री आणि एक मांजर होते. अमेरिकेत यावर चर्चा झाली तेव्हा दलाची बाजू घेणारे लेखही आले, कारण फुकट्यांना वाचवले तर वर्गणी कोण भरेल? कर का आकारतात याचे उत्तर त्या प्रश्नातच आहे. अ‍ॅडम स्मिथ यांनी अडीचशे वर्षांपूर्वी ‘वेल्थ ऑफ नेशन्स’मध्ये लिहिले, की आग पसरू नये म्हणून घरांच्या मध्ये भिंत बांधण्याची सक्ती हे स्वातंत्र्याचे उल्लंघन खरे, पण काही थोड्यांच्या स्वातंत्र्यामुळे साऱ्या समाजाची सुरक्षितता धोक्यात येत असेल तर तशी सक्ती योग्य. बँकांवरचे निर्बंध त्यांनी याच तर्काने समर्थनीय ठरवले. ज्यांचे नाव घेऊन बाजाराची आरती केली जाते, ते स्वतः इतके भाबडे नव्हते. हायेक यांनीही प्रत्येकाला किमान अन्न, निवारा आणि वस्त्राची हमी देण्याला विरोध केला नव्हता.

महाराष्ट्रात या विचाराला एक वेगळा आणि आदरणीय वारस आहे, त्याचा उल्लेख टाळणे अप्रामाणिक ठरेल. शरद जोशी यांनी चाकणच्या कांदा आंदोलनापासून सांगितले, की शेतकरी गरीब आहे तो बाजारामुळे नव्हे, तर सरकारने बाजारात घातलेल्या खोड्यांमुळे. डंकेल प्रस्तावाला देशभर विरोध होत असताना ते खुल्या व्यापाराच्या बाजूने उभे राहिले. १९९४ मध्ये त्यांनी स्वतंत्र भारत पक्ष काढला. त्यांचे म्हणणे आजही खोडून काढता येत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली आणि ती मे २०२४ पर्यंत बंद ठेवली. लासलगाव, पिंपळगाव, चांदवडच्या शेतकऱ्याने ते नुकसान सोसले ते शहरातल्या मतदाराच्या पाटीत कांदा स्वस्त राहावा म्हणून. ही सरकारी लूट आहे आणि तिच्याविरुद्ध बोलताना कुणी बाजाराचा आधार घेत असेल तर तो योग्यच आहे.

पण चांदवडचा शेतकरी आणि टेक्सासची वायू कंपनी या दोघांच्या ओठांवर स्वातंत्र्य हाच शब्द असला तरी मागणी एक नाही. शेतकरी म्हणतो, माझ्या मालाला गिऱ्हाईक आहे, मध्ये येऊ नका. तो आधीच सगळी जोखीम अंगावर घेऊन बसलेला असतो: पाऊस, गारपीट, रोग, भाव. वायू कंपनी म्हणते, माझ्या निष्काळजीपणाचा खर्च दुसऱ्याने सोसू दे, मध्ये येऊ नका. कांदा महाग झाला तर माणूस आठ दिवस कांद्याशिवाय राहतो. उणे १९ अंशांत विजेशिवाय आठ दिवस राहता येत नाही, आणि गिऱ्हाइकाला नाही म्हणता येत नाही तिथे सौदा होत नाही, अडवणूक होते. शेतकऱ्याच्या खऱ्या तक्रारीचा आधार घेऊन वीज, पाणी, दवाखाने यांवरचे नियम काढून टाका असे म्हणणारे त्याच्याच नावावर दुसऱ्याचा माल खपवत आहेत.

भारताने वीजबाजाराबाबत आतापर्यंत थोडी सावधगिरी दाखवली आहे. मार्च २०२२ मध्ये वीज विनिमय केंद्रांवर दर युनिटला २० रुपयांपर्यंत गेला, तेव्हा केंद्रीय वीज नियामक आयोगाने एप्रिलमध्ये १२ रुपयांची मर्यादा घातली आणि पुढच्या वर्षी ती १० रुपयांवर आणली. यावर गुंतवणूकदारांचे विश्लेषक नाराज झाले. होऊ द्यावे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीमुळे दक्षिणेचे जाळे उरलेल्या देशाशी जोडले गेले आणि संपूर्ण भारत एका वारंवारितेवर आला. एकत्र जाळ्याचेही धोके असतात. जुलै २०१२ मध्ये उत्तर आणि पूर्व भारतात सुमारे ६० कोटी लोकांची वीज गेली होती. पण शेजाऱ्याकडून वीज घेता येते म्हणून बहुतेक भागांत ती त्याच दिवशी परत आली. टेक्सासला शेजारी असून शेजार नव्हता. संघराज्याच्या नियमांपेक्षा आपले लोक तीन दिवसांहून जास्त अंधारात राहणे पसंत करतील, असे त्या राज्याचे माजी गव्हर्नर रिक पेरी त्याच आठवड्यात म्हणाले.

ज्यांच्या वतीने ते बोलले, त्या लोकांनी सरकारला वेगळे करायला लावले. जून २०२१ मध्ये टेक्सासने कायदा करून वीज केंद्रांना थंडीची सज्जता सक्तीची केली, मोडल्यास दिवसाला दहा लाख डॉलरपर्यंत दंड ठेवला, आणि घरगुती ग्राहकाला थेट घाऊक दराने वीज विकण्यावर बंदी घातली. दराची कमाल मर्यादा ९,००० वरून ५,००० डॉलरवर आली. डिसेंबर २०२२ मध्ये पुन्हा कडाक्याची थंडी पडली, हिवाळी मागणीने उच्चांक गाठला, पण भारनियमन करावे लागले नाही. सक्तीने काम केले. दहा वर्षे आधी केले असते तर २४६ माणसे, किंवा त्यांपैकी बहुतेक, जगली असती.

आपल्याकडे आता एकाच भागात अनेक वितरण कंपन्यांना परवाने देण्याचा विषय पुन्हा पुन्हा येतो. ऑगस्ट २०२२ मध्ये लोकसभेत मांडलेले वीज कायदा दुरुस्ती विधेयक त्यासाठीच होते आणि ते स्थायी समितीकडे गेले. महावितरणच्या कारभारावर कुणीही फिदा नाही. बिलांच्या तक्रारी, गळती, शेतीपंपांची अपुरी वीज यांचा हिशेब मागितलाच पाहिजे, आणि स्पर्धेने त्यांतले काही सुधारत असेल तर ती यावी. मात्र नवी कंपनी वांद्रे आणि कोथरूडचे ग्राहक घेणार आणि मेळघाटातला खांब महावितरणच्या गळ्यात राहणार असेल, तर त्या खांबाचा खर्च कोण उचलणार? कंपनी बुडाली तर तिच्या ग्राहकांना त्याच रात्री वीज कोण देणार, आणि कोणत्या दराने? उष्णतेच्या लाटेत, पुरात, वादळात यंत्रणा उभी राहावी म्हणून आधीच काय करायला हवे, ते कुठल्या नियमात लिहिले आहे आणि मोडल्यास दंड किती? या प्रश्नांची उत्तरे परवाना देण्यापूर्वी, राज्य वीज नियामक आयोगाच्या जाहीर सुनावणीत, लेखी आणि आकड्यांसह मागायला हवीत. १९९३ चा करार महाराष्ट्राच्या जनतेला सही झाल्यानंतर वाचायला मिळाला होता.